पंखामागची टकटक

त्या सकाळी रंगाच्या खोलीत जमलेल्या प्रत्येकाला म्हाताऱ्याचं भलंच हवं होतं. सगळ्यांत वाईट गोष्ट तीच होती. वाईट करायला कुणी आलं असतं, तर सूनबाईने त्याला झाडूने हाकलून लावलं असतं. भलं करायला आलेल्यांचं काय करायचं, हे या घरात आजवर कुणाला कळलेलं नाही.

शेड जवळजवळ रिकामी झाली होती. तीन पिढ्या इथे बसच्या बॉड्या बांधल्या गेल्या. आता बस कारखान्यातून तयार होऊनच येतात, त्यामुळे शेड बंद, आणि तिच्या जागी शीतगृह. पत्रा वाकवायचं यंत्र गेलं, वेल्डिंगचे संच गेले, बाकंसुद्धा गेली. राहिलं होतं ते मागच्या रंगाच्या खोलीत लाकडी घोड्यांवर ठेवलेलं, म्हाताऱ्याने स्वतः बांधायला घेतलेलं दोन माणसांचं विमान. सासूबाई गेल्यावर त्याने ते काढलं, तेव्हा सगळे म्हणाले, असू दे, मन रमेल. तो खरंच बांधेल असं कुणालाही वाटलं नव्हतं. शेपूट झालं, धड झालं, डावा पंख झाला. उजव्या पंखाचा खालचा शेवटचा पत्रा तेवढा बसवायचा राहिला, आणि नेमकं डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली.

म्हणून वर्कशॉप शोधणं आलं. अर्धवट राहिलेली विमानं पुरी करायला मदत करणारी माणसं असतात, हेही या घराला नवीन होतं. पहिल्या ठिकाणी फोनवरच सांगितलं, आमच्याकडे सुरू केलेलंच आम्ही हातात घेतो. दुसऱ्या ठिकाणचा माणूस आला, फोटो काढले, आणि जाताना म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारून "छान छंद आहे हो काका" म्हणाला. त्यानंतर म्हातारा कितीतरी दिवस त्या खोलीत फिरकला नाही. राहिलं होतं हे तिसरं आणि शेवटचं: गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीच्या कडेला एका बाईंचं वर्कशॉप. तिथूनही नकार आला, तर थोरल्याने भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. म्हाताऱ्याला हे माहीत नव्हतं. सूनबाईला होतं.

"हे बघा," थोरला म्हणाला. थोरला म्हणजे सूनबाईचा नवरा, शेडचा कारभारी. एकेकाला बाजूला घेऊन बोलायची त्याची सवय. आज सगळ्यांशी एकदम बोलताना तो अवघडला होता. "बाबा कपडे बदलून येतायत. बाईंनी काही वाचायला दिलं तर ते मी घेणार. चहा बाबांना ओतू द्यायचा नाही. आणि तू," तो बायकोकडे वळला, "तू त्यांच्या बाजूलाच उभी राहा. काही उचलायचं झालं तर आधी तुझा हात पुढे."

"म्हणजे डोळे गेलेत ते कळू द्यायचं नाही," ताई म्हणाली. थोरल्याच्या पाठची बहीण ती, दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसणारी. सुट्टी टाकून आली होती आणि ती सुट्टी फुकट गेल्यासारखी सगळ्यांकडे बघत होती. "सरळ बोल ना. एवढी वळणं घ्यायला तू बस चालवतोयस का?"

"तुला विमान मार्गी लागायला हवंय की नको?"

"नकोच आहे. कालही सांगितलं. माणसाला समोरचं धड दिसत नाही आणि तुम्ही त्याला पंख लावून देताय."

"उडवणार बाबा नाहीत," धाकटा कोपऱ्यातून पुटपुटला. तो सगळ्यांत लहान, शेडचा रंगारी, अजून एकटाच. हातात चिंधी होती आणि स्वच्छ असलेली डबी तो परत पुसत होता. "बाईंच्या ओळखीचा पायलट आहे. बाबांना फक्त पुरं करायचंय."

"आणि पुरं झाल्यावर?"

"झाल्यावर काय? झालं."

"झालं की ते मरायला मोकळे. हेच ना?"

धाकट्याने डबी खाली ठेवली. ताईला असं बोलून टाकायची खोड होती, आणि बोलून झाल्यावर सगळ्यांत आधी डोळे तिचेच भरायचे.

सूनबाई या कशातच पडली नाही. ती उजव्या पंखाशी उभी होती आणि तिच्या ओच्यात तिचा ठोकळा होता. 

पत्रे जोडणारं रिव्हिट मारायला दोन माणसं लागतात. एक पुढून हवेची गन धरतो, दुसरा मागून लोखंडी ठोकळा दाबून धरतो, आणि मध्ये रिव्हिट चेपलं जातं. दोघांच्या मध्ये पत्रा असल्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, आणि गनच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. म्हणून या शेडमध्ये आजेसासऱ्याच्या काळापासून टकटक चालत आली होती. मागच्याने बोटाच्या पेराने पत्र्यावर एकदा टकटकवलं, की चांगलं बसलं, पुढे चल. दोनदा, की अजून थोडं मार. तीनदा, की बिघडलं, काढून टाक. रिव्हिट कसं बसलं ते मागूनच दिसतं. पुढचा कितीही मोठा मिस्त्री असो, त्याला मागच्याच्या टकटकीवर विश्वास ठेवावाच लागतो.

सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला पुढे स्वयंपाकघर आणि मागे शेड एवढंच दिसत होतं. तिला शेडमध्ये ओढलं ते म्हाताऱ्याने. बायकांचं काम नाही म्हणणाऱ्यांना त्याने सांगितलं होतं, "पंखाच्या आत तुमचा हात जातो का? तिचा जातो." त्याने जुना ठोकळा घेतला, तिच्या मुठीत देऊन कुठे रुततो ते विचारलं, आणि त्याची एक कड तिच्या तळव्याच्या मापाने घासून घासून गोल केली. या घराने तिला बांगड्या दिल्या, साड्या दिल्या, ते सगळं घरातल्या कोणत्याही सुनेला मिळालं असतं. ठोकळा तिचा होता.

आणि त्याच ठोकळ्याने ती आज कितीतरी महिने खोटं बोलत आली होती.

डाव्या पंखापर्यंत सगळं ठीक चाललं. उजवा पंख घेतला तेव्हा म्हाताऱ्याच्या नजरेचा मधला भाग गेला. रिव्हिटं कलती बसायला लागली. मागून चेपलेलं टोक सरळ चकतीसारखं हवं, ते एका बाजूला झुकलेलं, वेडंवाकडं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिने बोट उचललं होतं, तीनदा टकटकवायला. पुढून म्हातारा म्हणाला, "कसं बसलं गं?" त्या आवाजात एवढी भीती होती, की तिने एकदाच टकटकवलं.

मग दुपारी तो आडवा झाला, की ती कलती रिव्हिटं ड्रिलने काढायची आणि जरा जाड रिव्हिट घालून, शेजारच्या गाळ्यातल्या पोरीला ठोकळा धरायला लावून, नीट बसवायची. नवऱ्याला तिने सांगितलं, तर तो म्हणाला, "उत्तम. बाबांना बोलू नकोस. कुणालाच बोलू नकोस."

यात नवल काहीच नव्हतं. या घराण्यात चूक सांगत नाहीत, बुजवतात. बसला पोचा आला की पुट्टी भरायची, घासायचं, वरून रंग मारायचा. पोचा कुणी पाडला ते विचारायचंही नाही आणि सांगायचंही नाही. माणसांचंही तसंच. आजोबांनी दारू पिऊन काय केलं ते बुजवलं, ताईचं मोडलेलं लग्न बुजवलं, सासूबाईंचं दुखणं तर त्यांनी स्वतःच इतकं गुळगुळीत बुजवलं, की डॉक्टरकडे नेलं तेव्हा खाली पत्राच उरला नव्हता. याला हे लोक प्रेम म्हणतात. सूनबाई परक्या घरातून आली होती. पण राहून राहून तीही यांच्यातलीच झाली होती.

बाहेर गाडी थांबली.

*

बाई बुटक्या, जाड भिंगांच्या, आणि सर्दीने हैराण. आल्या आल्या त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, आणि रुमाल हातात धरूनच म्हाताऱ्याला नमस्कार केला. थोरला खुर्ची घेऊन पुढे झाला. ती त्यांना दिसलीच नाही.

"बांधतं कोण?"

"मी," म्हातारा म्हणाला. इस्त्रीचा शर्ट घातला होता, एक बटण चुकीच्या काजात. "मागून ठोकळा सूनबाई धरते."

"डोळे गेलेत का तुमचे?"

थोरल्याच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजला. सकाळपासूनची सगळी तयारी एका प्रश्नात उडाली होती.

"मधलं जातं," म्हातारा म्हणाला. "कडेने दिसतं. आत्ता तुमच्या कानाकडे बघतोय म्हणून तोंड दिसतंय."

"हं. माझ्याकडे एक येतात, त्यांना डावा हातच नाही. पंख मात्र सुरेख बांधला." बाईंनी परत नाक पुसलं. "आधीच सांगते, मी विमानं बांधून देत नाही. नियमातही बसत नाही आणि मला आवडतही नाही. बांधणारा बांधतो. टेबल माझं, हत्यारं माझी, चूक होताना टोकायला तोंड माझं. कळलं?"

"कळलं."

"अर्धे लोक तोंडालाच घाबरून पळतात."

म्हातारा हसला. सूनबाईने त्याला असं हसताना पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. बाईंनी शेपूट पाहिलं, धडात मुंडकं घालून आतून पाहिलं, गोधडीत गुंडाळलेला डावा पंख उघडायला लावला. दातांचे डॉक्टर वापरतात तसा दांडीचा छोटा आरसा आणि विजेरी आत सरकवून त्या बघत राहिल्या. मधूनमधून काहीतरी विचारत, म्हातारा उत्तर देई. एकदा त्याने सांगितलं, "तिथे एक भोक कडेला गेलंय, त्याला आतून पट्टी दिलीय, बघा," आणि बाई म्हणाल्या, "दिसली. बरी आहे." या घरात चुकीबद्दल असं उघड्यावर बोललेलं सूनबाई पहिल्यांदाच ऐकत होती.

"दादा," ताई हळूच म्हणाली, "घेतायत वाटतं."

"अजून उजवा राहिलाय," थोरला म्हणाला.

उजव्या पंखाला खालून पत्रा नव्हता, त्यामुळे आतलं सगळं उघडं होतं. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला जाड कणा, ज्याला बाई स्पार म्हणत होत्या, त्यावर दुतर्फा रिव्हिटांच्या रांगा. सूनबाईचं सगळ्यांत देखणं काम तिथे होतं. बाई आता काहीतरी चांगलं बोलतील, आणि ते म्हाताऱ्याच्या खात्यावर जाईल, अशी तिची मनातल्या मनात तयारीही झाली होती.

बाईंनी बोलणं बंद केलं. आरसा आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. सर्दीमुळे त्या तोंडाने श्वास घेत होत्या, तेवढाच आवाज. मग त्यांनी एका रिव्हिटाच्या कडेला नख लावून खरवडलं. राखाडी भुकटी पडली.

"पुट्टी कुणी लावली?"

"पुट्टी?" म्हातारा म्हणाला. "विमानाला? बाई, आम्ही बसवाले आहोत, पण इतके बसवाले नाही."

बाईंनी ती भुकटी त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने ती दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली. हसू गेलं. या घराण्यात पुट्टी ओळखायला डोळे लागत नाहीत.

सूनबाईही चकित झाली होती. पुट्टी तिने लावली नव्हती. तिने वर पाहिलं, तर धाकटा चिंधीकडे बघत होता.

"या पंखावर एकाच माणसाचा हात फिरलेला नाही," बाई म्हणाल्या. "ही रांग बघा. पहिलं रिव्हिट काढलं, त्यापेक्षा जाड घातलं. ठीक, तसं करतात कधी कधी. पण मग तेही काढलं. दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या पद्धतीने. भोक आणखी मोठं झालं, लांबट झालं, कडेपर्यंत आलं. वरून पुट्टी आणि रंग. दोन भोकांच्या मध्ये आता धातू किती उरलाय? इथे तर चीर आहे. स्पार आहे हा. यावर माणूस लोंबकळणार असतो."

"पहिली रिव्हिटं कलती होती," सूनबाईच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पंखाच्या मुळाशी, अडचणीच्या कोपऱ्यात, जिथे ड्रिल पोचत नाही, तिथे विजेरी धरली. "ही ना? ही अजून तशीच आहेत." त्यांनी खिशातून छोटं माप काढून एकेकाला लावलं. "कलती आहेत. हे चालतं. हेही चालतं. हे जरा काठावर आहे, पण मी हात लावला नसता."

"पण दिसायला..."

"दिसायला घाण आहेत. त्यांना कोण बघायला जातंय? कलतं पण घट्ट रिव्हिट राहू द्यावं, काढायला गेलं की भोक बिघडतं. पहिल्याच दिवशी शिकवतो आम्ही." त्या म्हाताऱ्याकडे वळल्या. "ही कुणी काढली?"

सूनबाईला एवढंच ऐकू येत होतं, ती कलती रिव्हिटं चालत होती. तिची नजर बसवाल्यांची. वाकडं दिसलं की हात शिवशिवायचे. आतल्या अंधारात, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं, तिथेही तिला बसच्या बाजूसारखी सरळ रांग हवी होती. त्यासाठी तिने चांगला पंख मारला होता.

"मी काढली," म्हातारा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो बाईंच्या कानाकडे बघत अगदी शांतपणे बोलत होता.

"म्हाताऱ्याचं डोकं. मारायचं, काढायचं, परत मारायचं. पुट्टीपण मीच लावली असेल. लक्षात राहत नाही."

त्याने आयुष्यात तीन टकटकींशिवाय एकही रिव्हिट काढलं नव्हतं. सूनबाईला ते माहीत होतं आणि तिला माहीत आहे, हे त्याला माहीत होतं. तो बुजवत होता. कोणाचं ते त्याला अजून नीट कळलंही नसेल. घरातलं कुणीतरी आहे, एवढं त्याला पुरलं.

आणि बाकीच्यांनी ते लगेच उचललं. "तेच म्हणत होतो मी," थोरला पुढे झाला, आवाजात मोकळं झाल्याचा मऊपणा. "बाबांना हल्ली आठवत नाही. आम्ही आग्रह करायलाच नको होता. बाई, तुम्हाला उगाच त्रास झाला." ताईनेही बापाचा दंड धरला. "चला बाबा, बसा जरा." बघता बघता पोचा भरला गेला, घासला गेला, वरून रंगही लागला. आता म्हातारा आंधळा, विसराळू, हात गेलेला माणूस म्हणून मरायचा, आणि तेराव्या दिवसापर्यंत सगळे म्हणायचे, शेवटपर्यंत छंद जपला हो त्यांनी.

बाईंनी आरसा खिशात टाकला. "मग मला घेता येणार नाही. डोळ्यांचं मी चालवून घेते. पण चांगलं रिव्हिट कुठलं आणि वाईट कुठलं, हे ज्याला कळत नाही, त्याला मी टेबलाशी उभं करत नाही. माफ करा."

"बरोबर आहे," म्हातारा म्हणाला.

थोरल्याने बायकोकडे पाहिलं आणि मान अगदी किंचित हलवली. गप्प राहा. झालं ते बरं झालं. तिचा नवरा वाईट माणूस नव्हता. तेच तर.

बाईंच्या वरच्या खिशाला लाल रंगाची जाड पेन्सिल अडकवलेली होती. सूनबाईने जाऊन ती काढून घेतली. बाईंनी ती घेऊ दिली. पंखाशी येऊन तिने एका रिव्हिटाभोवती गोल काढला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. गोल वेडेवाकडे येत होते, आणि ते तिने तसेच राहू दिले.

"काय करतेयस?" थोरला म्हणाला.

"मी बदललेली दाखवतेय."

"अगं, वेड लागलंय का तुला? बाबा म्हणतायत ना..."

"बाबांनी एकही काढलेलं नाही." ती गोल काढतच राहिली. "बाबा झोपले की मी काढायचे. यांना माहीत होतं. पुट्टी मात्र माझी नाही."

पेन्सिल पत्र्यावर खरखरत राहिली. मग धाकटा आला. "वहिनी, इकडची माझी," तो म्हणाला. "मला वाटलं ती जाड रिव्हिटं बाबांनीच घातली. सुट्टीच्या दिवशी तू माहेरी गेलीस की मी... मला दादाने सांगितलं होतं. गुपचूप नीट करून टाक म्हणून."

सूनबाई थांबली. "तुला पण?"

"म्हणजे? तुला पण?"

दोघांनी एकदमच थोरल्याकडे पाहिलं. ताईनेही. बाप मात्र जिथे होता तिथेच बघत होता.

"दोघांनी बघितलं तर जास्त पक्कं होईल, असं वाटलं मला," थोरला म्हणाला. "शेडमध्ये आपण तसंच करायचो. एकाने केलं की दुसऱ्याने हात फिरवायचा. माझा काय वाईट हेतू होता?"

"नाही रे दादा," ताई म्हणाली. "तुझा कधीच नसतो." तिने बापाचा दंड सोडला. सकाळपासून जी बाई विमान नको म्हणून भांडत होती, ती आता वर्कशॉपवाल्या बाईंकडे वळली. "त्यांना घेऊन जा हो. विमानाचं काय करायचं ते करा, पण यांना आमच्यातून घेऊन जा."

बाईंनी नाक पुसलं. "हा पंख भंगार आहे," त्या म्हणाल्या. "धड, शेपूट, डावा पंख मी घेते. उजवा नव्याने, पहिल्या पत्र्यापासून. माझ्या टेबलावर, तुमच्या हाताने. येणार का?"

म्हातारा चाचपडत पंखाशी आला, सूनबाईच्या शेजारी. त्याची बोटं रांगेवरून फिरत गेली. लाल खुणा त्याला दिसत नव्हत्या, पण रिव्हिटांची डोकी मोठी कुठे आहेत ते बोटांना कळत होतं. मग ती मुळाशी, कोपऱ्यातल्या कलत्या रिव्हिटांपाशी जाऊन थांबली.

"तू तीनदा कधीच टकटकवलं नाहीस," तो म्हणाला.

"नाही, बाबा."

"मला वाटायचं, डोळे गेले तरी हात आहे. सूनबाई एकच टकटक देते म्हणजे हात आहे."

"हात होताच. त्या म्हणाल्या ना, चालत होती."

"म्हणजे तुझी टकटक बरोबरच होती."

"हो."

"आणि तुला ती खोटी वाटत होती."

तिने मान हलवली, आणि मग लक्षात आलं की त्याला ते दिसणार नाही. "हो, बाबा," ती म्हणाली.

तो रागावला असता तर सोपं झालं असतं. पण तो बाईंच्या दिशेने वळला.

"मागून ठोकळा धरायला तुमच्याकडे माणूस आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या.

"खरं टकटकवतो का?"

"फारच. लोक त्याला वैतागतात."

"मग येतो," म्हातारा म्हणाला.

*

ट्रक आला त्या दिवशी ऊन पडलेलं होतं आणि वारा अजिबात नव्हता. धाकट्याने धड चढवलं, शेपटाला गोधड्या बांधल्या, डावा पंख उभा करून दोरांनी आवळला. थोरला लांब उभा राहून ड्रायव्हरला मागे-पुढे करत होता, गरज नसताना. त्या सकाळनंतर नवरा-बायकोत भाजी आणि दूध यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. बाईंच्या वर्कशॉपमागे एक खोली होती, म्हातारा तिथेच राहणार होता. ताईने त्याच्या डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि कधी कुठली टाकायची ते ड्रायव्हरलासुद्धा सांगितलं.

म्हातारा ड्रायव्हरशेजारी चढून बसला. शर्टाची बटणं बरोबर लावलेली होती. सूनबाई खिडकीशी गेली आणि ठोकळा पुढे केला, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला.

"बाबा, हा राहिला."

त्याने फडकं उघडलं. अंगठा गोल केलेल्या कडेवरून फिरवला, एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. त्याच्या तोंडाकडे बघत ती उभी होती. काहीतरी बोलेल. काहीही चाललं असतं.

"हा नको," तो म्हणाला आणि ठोकळा तिच्या हातात परत दिला. "हा तुझ्या हाताला घासलाय. दुसऱ्याला बसायचा नाही."

ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत थोरला हात हलवत राहिला, कुणाकडे ते त्याचं त्याला माहीत.

सूनबाई आत आली. मोकळ्या खोलीत घोड्यांवर एकटा उजवा पंख होता, लाल गोलांनी भरलेला. फाटकातून भंगारवाला डोकावला. "वहिनी, हेच न्यायचं ना?"

तिने त्याला थांबायची खूण केली. पंखाच्या मागच्या बाजूला गेली, जिथे ती इतके दिवस उभी राहिली होती, आणि बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटकवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

"न्या," ती म्हणाली.